आधी पाणी, मग दगड

"आता ऐकू या एक लोकगीत. गायक, द्रोनसिंग. गिटारवर साथ, त्यांचे चिरंजीव शानबोर."

रेडिओच्या निवेदकाचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तो बान्रीच्या घरी लग्नाचं विचारायला गेलो त्या दिवशी. घशात मध आणि नाकात सर्दी असावी असा आवाज. समोर लाल चहा, बशीत पुथारो म्हणजे तांदळाची भाकरी, आणि मधोमध क्रोशाच्या रुमालाखाली टेपरेकॉर्डर. होणाऱ्या सासूबाईंनी रुमाल उचलला, कळ दाबली, आणि गाणं संपेपर्यंत मला चहाला हात लावू दिला नाही. गाणारे द्रोनसिंग म्हणजे त्यांचे यजमान, ते शेजारीच बसून स्वतःचं गाणं डोळे मिटून ऐकत होते. चहा निवला. मी म्हणालो, "गिटार काय सुरेख वाजवलीय!" दाराआड उभी असलेली बान्री एवढं ऐकून फसकन हसली. का हसली ते कळायला माझे केस पिकावे लागले.

जगात काही लोक लेकीला परक्याचं धन म्हणतात म्हणे. आमच्या शिलाँगात ते धन म्हणजे जावई, आणि फार मोलाचं धन आहे असं कुणी म्हणत नाही. धाकटी लेक घर सांभाळते, नवरा तिच्या घरी नांदायला येतो. बान्री, कागदोपत्री इबान्री, धाकटी. तेव्हा मी आलो, आणि आलो तो एका खुर्चीवर बसलो. अजून तिथंच आहे. या घरात शब्द चालतो तो मेइंचा, म्हणजे सासूबाईंचा. मेइंच्या वर चालतो तो मामांचा. मामा म्हणजे बान्रीचे थोरले भाऊ, तेच निवेदकाच्या तोंडचे शानबोर. ते राहतात आपल्या बायकोच्या घरी, पण दर रविवारी प्रार्थना आटोपली की इथं येतात, जादोह म्हणजे मांसभात जेवतात आणि आठवड्याचे निर्णय देऊन जातात. सगळी वस्ती त्यांना 'गिटारवाले मामा' म्हणते. मला वस्ती 'बाह फ्रांग' म्हणते, म्हणजे फ्रांगदादा. यातला दादा निव्वळ मानाचा. दरारा कसलाही नाही.

तर अशा या माझ्याकडून, घरात काही तरी मोलाचं घडावं या इच्छेपोटी, कॅसेटचा जीव गेला.

झालं असं. वस्तीच्या सभागृहाचा सुवर्णमहोत्सव आला. सभागृह उघडलं तेव्हा सासऱ्यांनीच हे गाणं तिथं गायलं होतं; आता ते नाहीत. मेइ म्हणाल्या, "ते गाणं तिथं वाजलं पाहिजे. सगळ्यांत बसून एकदा ऐकायचंय मला. एका कानानं रजा घेतलीय, दुसरा अर्ज करून बसलाय."

मी म्हणालो, "मेइ, कॅसेट मी संगणकात चढवतो."

या घरात माझ्या तोंडून निघालेलं ते पहिलं आश्वासन. मामा पातेल्यातून दुसऱ्यांदा जादोह घेता घेता थांबले. "कशाला उगीच खेळायचं जुन्या वस्तूशी?" म्हणाले. मला वाटलं, जावयानं काही करावं हे यांना बघवत नाही. मग तर मी हट्टालाच पेटलो.

टेपरेकॉर्डर संगणकाला जोडून कळ दाबली. निवेदक बोलला. पहिलं कडवं सुखरूप चढलं. सासऱ्यांचा तो झऱ्याकाठचा आवाज, खाली गिटार:

झऱ्याकाठचा दगड, बाई, बसला शेवाळून,
पाणी पुढं पुढं गेलं, त्याला हाक घालून

आणि 'हाक घालून'नंतर खर्र झालं. टेपरेकॉर्डरनं गाणं गिळलं. झाकण उघडलं तर आत शेवयांचा गुंता. मी एकेक शेवई ओढू लागलो तशी ती तुटू लागली. बान्री आली, बघितलं, म्हणाली, "जेवायला चला." आमच्या घरात माणूस गेल्यावरही असंच म्हणतात.

मेइंना सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यांनी सुपारी गालात सरकवली. मग विचारलं, "किती उरलंय?"

"पहिलं कडवं."

"बरं. बाकीचं तू आण."

"कुठून आणू, मेइ?"

"गिळलंस तिथून."

आता ठरलं असं, की पहिलं कडवं सासऱ्यांच्या आवाजात वाजेल, आणि पुढची कडवी वस्तीतले लोक समोर उभे राहून गातील. पण त्याखाली गिटार तीच चालू राहिली पाहिजे, जोड दिसता कामा नये. मेइंची एवढीच अट. शिलाँगात गिटार वाजवणारा शोधायची गरज नसते, चुकवायचा कसा हा प्रश्न असतो. आधी मामांना विचारलं. त्यांनी उजवा अंगठा पुढं केला आणि म्हणाले, "सांधा." तो सांधा मी लग्नापासून ऐकतोय. मग वस्तीचे मुखिया बाह ट्रेइबोर यांनी मला बाजूला घेतलं. "बाह फ्रांग, वस्तीत प्रत्येक घरात गिटार आहे आणि प्रत्येक गिटारीमागं एक रुसवा. एकाला बोलावलंत तर बाकीचे निवडणुकीत मला बघून घेतील. कुणाचाच नसलेला असा वाजवणारा आहे का?"

तसा एक निघाला. बंगळूरला नोकरीला असलेल्या आमच्या लेकीनं, दाफीनं, तो फोनवरून पाठवला. म्हणजे संगणकात घालायची गिटार पाठवली, आणि मागून टपालानं पेटीच्या पट्ट्यांसारखी एक छोटी पट्टी. दाफी समजावू लागली, "पा, कुठल्या तरी बंद खोलीत एका माणसानं प्रत्येक तार छेडलीय. एकदा वरून खाली, एकदा खालून वर. हळू, जोरात, सगळ्या तऱ्हांनी. ते सुटे ठोके आत भरून ठेवलेत. तुम्ही पट्टीवर बोट ठेवलंत की त्यातला एक बाहेर येतो."

मला त्या माणसाचं फार वाईट वाटलं. लोणच्यासारखा त्याचा हात बरणीत घालून ठेवलाय, आणि कोण कुठला मी शिलाँगात बसून फोडी काढतोय.

दुसऱ्या कडव्याची गिटार मी बसवली आणि पहिल्याला जोडली. बाह पिन्शाय ऐकायला आले. बाह पिन्शाय आमचे शेजारी. तरुणपणी त्यांच्या वाद्यवृंदाचं नाव गुवाहाटीपर्यंत गेलं होतं, वाद्यवृंद मात्र गेला नव्हता. त्यांनी ऐकलं आणि विचारलं, "हात कुठंय?"

"संगणकात."

"मग तो लुळा आहे. सगळे ठोके वरूनच पडताहेत. एकदा खाली, एकदा वर, असं नको का? तुम्ही गिटार वाजवताय की मिरची कुटताय?"

दाफी म्हणाली, सोपं आहे, आलटून पालटून करायची सोय आहे त्यात. केली. तर नवीनच आजार. यंत्राला श्वास कळत नाही. गाण्यात मध्ये एक ठोका मोकळा सोडला की जिवंत माणसाचा हात हवेतच फिरून येतो आणि पुढच्या ठोक्याला बरोबर खाली पडतो. यंत्राचा हात असतो तिथंच उभा राहतो, आणि पुढच्या ठोक्याला उलटा येतो. गाणं चालता चालता लंगडायला लागतं, मग सावरतं, पुन्हा लंगडतं. पगाराच्या दिवशी काही लोक घरी येतात तसं.

"तुमच्या अंगातच हात नाही," बाह पिन्शाय म्हणाले. "तार लागो न लागो, हात थांबवायचा नाही. चालताना, बसताना, सारखा खाली-वर, खाली-वर. आधी शरीराला शिकवा, मग यंत्राला."

मी निश्चयाचा माणूस आहे. सकाळी कार्यालयाला निघालो तो उजवा हात खाली-वर करतच. रस्त्याच्या कडेनं असा हात हलवणाऱ्या माणसाचं शिलाँगात काय होतं हे बाह पिन्शायनी सांगितलं नव्हतं. पहिली टॅक्सी थांबली. मी मानेनं नाही म्हणालो, पण हात चालू होता, तेव्हा तिच्या मागची थांबली. तिच्या मागून येणारीला वाटलं पुढं काही अपघात झालाय. चढावरच्या वळणापर्यंत रांग लागली, भोंगे सुरू झाले. आतले सगळे प्रवासी माझ्याकडं बघताहेत, आणि मी मान आडवी हलवतोय व हात उभा. एका ड्रायव्हरनं काच खाली करून विचारलं, "बाह, यायचंय की आशीर्वाद देताय?" शेवटी ताल न मोडता मी त्याच टॅक्सीत बसलो. सचिवालय तिथून चार पावलांवर होतं.

सचिवालयात मी आवक-जावक शाखेत आहे. आलेला कागद आवक, गेलेला जावक. शेरा वाचल्याशिवाय मी कागदाला बोट लावत नाही. आणि इथंच मला मार्ग सापडला. दाफी म्हणाली होती, पट्टीच्या डाव्या टोकाला दोन कळा आहेत. एक दाबली की पुढचा ठोका खाली जातो, दुसरी दाबली की वर. यंत्राच्या मर्जीवर सोडायचंच नाही. मी दोन चिठ्ठ्या केल्या. खाली येतो तो ठोका आवक, वर जातो तो जावक. डिंकानं त्या कळांवर चिकटवल्या, आणि प्रत्येक ठोक्याची रीतसर नोंद करीत बसलो: आवक, आवक, जावक, जावक, आवक, जावक. मोकळ्या ठोक्याला मी डोकं हलवत असे. बान्री दारातून बघायची आणि आत जायची.

लंगडणं थांबलं. बाह पिन्शायनी पाठ थोपटली. "ठोक्याला खाली, मधल्याला वर. आता बरोबर. आता कुणाच्या बापाला जोड कळणार नाही."

मेइंनी चांगला कान यंत्राला लावला. पहिलं कडवं संपलं, माझी गिटार सुरू झाली, आणि त्यांनी लगेच हात वर केला. "नाही. हे ते नाही."

"काय कमी आहे, मेइ?"

"माझ्या गाण्यात आधी पाणी वाहतं, मग दगड बोलतो. तुझं यंत्र आधी दगड घालतं."

बाह पिन्शाय माझ्या कानात म्हणाले, "वय." मीही मान हलवली. पण मनाला चैन पडेना. मी पुन्हा बसवलं. हळू केलं, जोरात केलं, तारा बदलल्या. मेइ दर वेळी तेच म्हणायच्या, दगड आधी, दगड आधी. महोत्सव जवळ येत होता आणि त्यांचा दुसरा कान खरंच रजेवर निघाला होता. आता बोलणाऱ्याच्या ओठांकडं बघून त्या उत्तरं देत. गाण्याला ओठ नसतात.

तेवढ्यात कार्यकारी समितीनं हरकत घेतली. मागं एका समारंभात एक गायक नुसते ओठ हलवत होता आणि मध्येच वीज गेली, तेव्हापासून आमच्या वस्तीत ठराव आहे की विजेवर चालणाऱ्या कलावंतास मंचावर बंदी. माझं यंत्र कलावंत की सामान, यावर चर्चा झाली. सामान म्हणावं तर ते गिटारवादकाच्या रकान्यात कसं लिहायचं? कलावंत म्हणावं तर त्याचा रहिवासी दाखला कुठंय? अखेर बाह ट्रेइबोरनी तोडगा काढला. मूळ वादक, म्हणजे मामा, गिटार घेऊन मंचावर बसतील. वीज गेलीच तर पुढचं ते वाजवतील. शिवाय शेवटी त्यांचा शाल घालून सत्कार.

रविवारी बाह ट्रेइबोर हे सांगायला घरी आले, ते ऐकून मामांचा घास घशात अडकला. "ट्रेइबोर, माझा सांधा..."

"नुसती मांडीवर धरा, मामा. मांडीला सांधा आहे का?"

मामांनी माझ्याकडं असं बघितलं, की जणू कॅसेट नव्हे, त्यांनाच मी गिळलंय. जाताना दारात थांबून हळूच म्हणाले, "फ्रांग, गेलं ते गेलं म्हणून सोडून दे ना. सगळ्याच गोष्टी परत आणायच्या नसतात." एवढ्या मऊ आवाजात ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. मला दया आली. पण मेइंचा कान आठवला आणि मी पुन्हा यंत्रापुढं बसलो.

त्या दुपारी मी अगदी नेहमीसारखंच वाजवलं. चिठ्ठी वाचायची, कळ दाबायची: आवक, आवक, जावक. सासऱ्यांचा आवाज 'हाक घालून'ला आला, पुढं माझी गिटार सुरू झाली, आणि जोड आलाच नाही. पाणी पुढं निघून गेलं. मीच दचकून थांबलो. मागं मेइ उभ्या होत्या, हाताचा द्रोण कानामागं धरून.

"आलं," त्या म्हणाल्या. "पाणी आलं रे पोरा." या घरात मला पोरा कुणी म्हणालं नव्हतं.

मी काय वेगळं केलं? काहीच नाही. मी पट्टीकडं वाकून पाहिलं. चिठ्ठ्या डिंकानं नव्हे, भाताच्या खळीनं चिकटवलेल्या होत्या. आणि उलट्या. आवकच्या जागी जावक, जावकच्या जागी आवक. म्हणजे मी जिथं खाली म्हणत होतो तिथं यंत्र वर मारत होतं. आधी बारीक तार, मग जाड. आधी पाणी, मग दगड.

बान्री स्वयंपाकघरात सुपारी चिरत बसली होती.

"चिठ्ठ्यांना कुणी हात लावला?"

"पुसताना पडल्या. लावल्या परत."

"उलट्या लावल्यास."

"तुमचं अक्षर कुणाला लागतंय? तुमच्या साहेबांना तरी लागतं का?" तिनं मान वर केली नाही. सुरी डाव्या हातात होती. ती नेहमीच डाव्या हातात असते. सुरी, पळी, सुई, सगळं. इतकी वर्षं तो हात मी बघत होतो, पण कधी वाचला नव्हता.

मी बैठकीत गेलो आणि भिंतीवरची मामांची जुनी गिटार खाली काढली. वाजवणाऱ्याच्या नखीचे ओरखडे गिटारीच्या भोकाखाली असतात, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. या गिटारीवर ते वरच्या अंगाला होते. जाड तारेच्या बाजूला लाकडाचा रंग पार उडून पांढरी पायवाट पडली होती. खालचं अंग कोरं करकरीत. मी गिटार उलटी धरून पाहिली, डावखुऱ्यानं धरावी तशी. जाड तार खाली आली, बारीक वर. हात तसाच वरून खाली नेला की आधी बारीक तार बोलते, मग जाड. पांढरी पायवाट बरोबर तिथं आली, जिथं ती असायला हवी. फक्त तिथून गेलेला हात शानबोरमामांचा नव्हता.

बान्री दारात उभी होती. दाराआडून हसलेली ती मुलगी मला तिच्यामागं स्पष्ट दिसली.

"बान्री..."

"धूळ आहे तिच्यावर. टांगून ठेवा," ती म्हणाली. "तुम्हाला गाणं हवं होतं ना? मिळालं. आता आणखी काही शोधू नका, दाफीचे पा. मामा या घराचं छप्पर आहेत. गळणारं असलं तरी छप्पर ते छप्पर."

मी गिटार टांगली. छपराला हात घालायचा नाही, एवढं जावयाला शिकवावं लागत नाही.

महोत्सवाच्या दिवशी बाह ट्रेइबोरनी जनरेटर मागवला, त्याच्या मदतीला दुसरा, आणि दोन्हींशेजारी एकेक माणूस बसवला. वीज काही गेली नाही. इतक्या वर्षांत वस्तीच्या समारंभात ती पहिल्यांदाच गेली नसेल. मामा मंचावर, मांडीवर ती गिटार, मानेवर घाम. मी कोपऱ्यात यंत्रापाशी. गाणाऱ्या बायकांत मागच्या ओळीत बान्री. मेइ पहिल्या रांगेत, कानाला द्रोण.

"आता ऐकू या एक लोकगीत," निवेदक म्हणाला. मध तोच, सर्दी तीच. "गिटारवर साथ, त्यांचे चिरंजीव शानबोर." टाळ्या पडल्या. मामांनी मान खाली घातली. सासरे गायले. 'हाक घालून'पाशी मी श्वास धरला, पण पाणी सरळ पुढं गेलं आणि त्याच्या पाठोपाठ सगळी वस्ती गाऊ लागली:

किती हाका किती वळणं, दगड मनी म्हणे,
माझ्यावरून गेलीस, बाई, एवढं पुरे होणे

जोड कुणालाच कळला नाही. बाह पिन्शाय तर डोळे पुसत होते. मला मात्र मागच्या ओळीत दिसलं: पदराच्या घडीवर एक डावा हात खाली-वर, खाली-वर चालला होता. मोकळ्या ठोक्यालाही थांबत नव्हता. आणि मी मामांकडं पाहिलं तर तेही तिकडंच बघत होते.

गाणं संपलं. मेइंनी हात खाली घेतला. बाह ट्रेइबोर शाल उघडून पुढं झाले. मी मनात म्हटलं, चला, सुटलो सगळे. वीज टिकली, जोड टिकला, छप्पर टिकलं.

मामा उठले, पण शालीकडं न जाता माइककडं गेले. गिटार त्यांनी माझ्या हातात दिली.

"त्या दिवशी फुटबॉलचा अंतिम सामना होता," ते म्हणाले. कुणाला काही कळेना. "मी रेडिओवर गेलोच नाही. मैदानावर गेलो. आम्ही हरलो. घरी आलो तेव्हा रेडिओवर माझं नाव सांगून झालं होतं. पा म्हणाले, सांगून झालंय, राहू दे. ते राहिलं."

बाह ट्रेइबोर शाल धरून तसेच उभे. मागच्या ओळीतून बान्री कुजबुजली, "मामा, बसा खाली." सभागृह इतकं शांत झालं होतं की बाहेरची दोन्ही माणसं आपापला जनरेटर सोडून दारात आली.

मामांनी घसा खाकरला. मग नाकात थोडी सर्दी आणली, आवाजात थोडा मध, आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल असं, मेइंकडं तोंड करून, त्यांना ओठ दिसतील असं सावकाश म्हणाले:

"आपण ऐकलंत एक लोकगीत. गायक, द्रोनसिंग. गिटारवर साथ, त्यांची धाकटी लेक इबान्री."